राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) मॉर्टिसची, म्हणजे सांध्याची खाच पाडायला घरच्या घरी जिग (राउटरला वाट दाखवणारा साचा) कसा बनवायचा?

सोप्पं आहे, १२ मिमी प्लायवूडचा तुकडा घ्या, त्यात गाइड बुश (राउटरच्या तळाला बिटभोवती बसणारी गोल कडी) जाईल एवढा स्लॉट पाडा आणि खाली स्लॉटला अगदी समांतर एक पट्टी स्क्रूने बसवा, ती लाकडाला टेकवून क्लॅम्प मारायचा. खरी गंमत मापात आहे. समजा बुश बाहेरून १६ मिमी आणि बिट (कापणारं पातं) १० मिमी, तर फरक ६, म्हणजे ५० मिमी लांब खाचेसाठी स्लॉट ५६ लांब आणि १६ रुंद ठेवा, बुश डुगडुगता कामा नये. प्लंज राउटरच (ज्याचं बिट वरून सरळ खाली उतरवता येतं तो) वापरा, एका वेळी ४-५ मिमीच खाली जा, भुसा सतत काढत रहा नाहीतर बिट तापून लाकूड काळं पडतं. टोकं गोल राहतील, पटाशीने चौकोनी करा किंवा कुसाच्या (खाचेत बसणाऱ्या टोकाच्या) कडाच गोल घासा, मला दुसरं जास्त आवडतं.