वाचकांचे प्रश्न : कॉमिक्सच्या कोणत्या मालिकेचा खंड बांधावा?

प्रश्न : घरी दोन ट्रंका भरून कॉमिक्सचे सुटे अंक आहेत : मार्वलचे जुने इंग्रजी, हिंदी राज कॉमिक्स, थोडे मराठी इंद्रजाल. सगळे बांधून घेणं परवडणार नाही. निवड कशी करावी?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नायकाच्या नावावर जाऊ नका. ‘स्पायडरमॅनचे सगळे’ म्हणून गठ्ठा बांधला की दर काही अंकांनी लेखक बदलतो आणि आधीच्याने पेरलेलं पुढचा उगवू देत नाही. आधी कागदावर चार रकाने आखा : अंक क्रमांक, महिना, लेखक, चित्रकार. एकच लेखक सलग बारा-पंधरा अंक टिकलेला दिसला, की तिथे थांबून वाचा.

मग बघायचं ते हे, की त्याने सुरू केलेली गोष्ट त्यानेच पुरी केली का. वॉल्टर सायमनसनचा ‘थॉर’ घ्या. १९८३च्या ३३७व्या अंकात कुणीतरी अंधारात, धगधगत्या भट्टीवर घण घालताना दिसतं. कोण ते कळत नाही, फक्त ‘डूम’ असा प्रचंड आवाज पानभर उमटतो. पुढे अंकागणिक एखाद-दुसरं पान या भट्टीला मिळत राहतं, घण घालणारा तो अग्निदैत्य सुर्टर निघतो, आणि त्याचं हे युद्ध समेवर येतं ते ३५३व्या अंकात. म्हणून पहिला खंड ३३७ ते ३५३ असाच हवा. बारा अंक झाले म्हणून ३४८वर तोडलात, तर ऐन लढाईच्या तोंडावर पुठ्ठा लागेल. सायमनसनचं लेखन ३८२व्या अंकापर्यंत आहे, उरलेल्याचे दोन खंड होतात.

‘एक्स-मेन’बाबत हमखास होणारी चूक म्हणजे डार्क फिनिक्सची कथा १२९ ते १३७ एवढीच बांधणं. यातली नायिका जीन ग्रे फिनिक्स होते १०१व्या अंकात. लेखक क्रिस क्लेअरमाँटने तिला हळूहळू घडवलंय, ते वाचलेलं नसेल तर १३७व्या अंकातला तिचा मृत्यू नुसताच दणका वाटतो. अंक असतील तर ९४पासून बांधा.

काही कथा एका मासिकात राहतच नाहीत. १९८७ची स्पायडरमॅनची ‘क्रेव्हनची शेवटची शिकार’ ही कथा सहा अंकांची, पण तीन मासिकांत विखुरलेली. क्रम असा : ‘वेब ऑफ स्पायडरमॅन’ ३१, ‘अमेझिंग’ २९३, ‘स्पेक्टॅक्युलर’ १३१, पुन्हा ‘वेब’ ३२, ‘अमेझिंग’ २९४, ‘स्पेक्टॅक्युलर’ १३२. बाइंडरला गठ्ठा देताना प्रत्येक अंकावर पेन्सिलीने अनुक्रम घाला, नाहीतर तो मासिकं पाहून तीन जोड्या लावून ठेवेल.

राज कॉमिक्समध्ये ‘नागायण’ची आठ कांडं डोळे मिटून बांधा, ‘वरण कांड’ ते ‘इति कांड’. सुरुवातीचे नागराजचे अंक एकमेकांना फारसे जोडलेले नाहीत, पण त्यात प्रताप मुळीकांची चित्रं आहेत. तेवढ्यासाठी खंड करावा, असं आमचं ठाम मत आहे. मराठी इंद्रजालमधल्या वेताळकथा (म्हणजे फँटमच्या) मात्र सुट्याच ठेवा. वृत्तपत्रांतल्या वेगवेगळ्या काळच्या पट्ट्या तिथे पुढेमागे छापल्यात, त्यामुळे अंकांच्या क्रमाने बांधून कथेची संगती लागत नाही.

आणखी एक. एखाद्या पात्राचा पहिला अंक चांगल्या अवस्थेत असेल तर तो शिवू नका, संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच संपते. मधला अंक गहाळ असेल तर थांबा. नंतर मिळाला तरी शिवण उसवल्याशिवाय तो आत जात नाही.

प्रश्न : बांधून आणलेल्या खंडात आतल्या बाजूचे संवाद वाचताच येत नाहीत. चूक कुठे झाली?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : बाइंडरने हिशेबाच्या वह्यांसारखी भोकं पाडून आरपार शिवण घातली. त्यात कण्याकडचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर भाग गिळला जातो. दोन पानं मिळून असलेलं चित्र तर मधोमध चिरतं.

कॉमिक्सला जुजबंदीच सांगा, म्हणजे दुमडलेल्या कागदांचा प्रत्येक जुडगा (जुज) त्याच्या दुमडीतून शिवणं. अमेरिकी अंक म्हणजे दुमडलेले आठ कागद, ३२ पानं आणि कव्हर, म्हणजे तयार जुजच. दोन्ही पिना मधल्या पानावरून बोथट सुरीने पाय सरळ करून काढायच्या. ओढल्या तर गंजलेल्या पिनेबरोबर कागद येतो. मग दुमडीतून सुती दोऱ्याने शिवायचं, पाठीवर मलमलची पट्टी, वर पुठ्ठा. साधारण १२ ते १७ अंकांचा खंड ही शिवण आरामात पेलते. त्याहून जाड झाला की पाठ मधे खचते.

कटिंग करू नका असं चिठ्ठीवर लिहून द्या. तीन बाजूंनी चार-चार मिलिमीटर गेले तरी कडेपर्यंत रंगवलेली चित्रं कापली जातात. कडा खालीवर राहिल्या तर राहू द्या. खळ वापरणार असतील तर त्यात मोरचूद घालतात का विचारा. नुसत्या कणकेच्या खळीला पावसाळ्यात कसर लागते.

प्रश्न : इंद्रजालमधला बहादूर खंडाच्या योग्यतेचा आहे का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नक्कीच. अंगी अचाट शक्ती नसलेला, पण आपल्या चंबळच्या मुलखातला नायक. आबिद सुरती यांनी तो १९७६मध्ये आणला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. डाकूचा मुलगा पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो आणि पुढे गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. हा प्रवास अंकांतून पुढे सरकतो, म्हणून सुरुवातीचे अंक क्रमाने हवेत. वेताळकथांच्या मधे मधे आलेले बहादूरचे अंक वेगळे काढून लावा.

प्रश्न : ‘रॉम’सारख्या मालिकेचा संग्रह इतकी वर्षं का निघाला नाही?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : रॉम मुळात पार्कर ब्रदर्सचं खेळणं. मार्वलने १९७९ ते १९८६ त्याचे ७५ अंक काढले, पण पात्राचे हक्क मार्वलचे नव्हतेच. करार संपला आणि पुनर्मुद्रण अडकलं. अखेर हक्क असलेल्या हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीशी जमलं आणि २०२४मध्ये जाडजूड संग्रह आला. बाहेरच्या कंपनीकडून उसन्या घेतलेल्या पात्रांचे संग्रह बाजारातून नाहीसेही लवकर होतात, तेव्हा अशा मालिकेचे सुटे अंक हाताशी असतील तर ते आधी बांधून घ्या. थॉर आणि एक्स-मेन नंतरही मिळतील.