साडेनऊ महिने झाले, तरी बाळ बसत नाही

"मॅडम, जावेचं बाळ याच्यापेक्षा आठ दिवसांनी लहान आहे. ते छान बसतं. आमचं अजून कलंडतं." बाळाला मांडीवर घेऊन आई सांगत होती, शेजारी सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

फाइलच्या पहिल्याच पानावर निम्मं उत्तर होतं : जन्म 30व्या आठवड्यात, वजन 1300 ग्रॅम, पाच आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात).

पूर्ण दिवस म्हणजे 40 आठवडे. हे बाळ 10 आठवडे आधी आलं. आज ते साधारण 41 आठवड्यांचं आहे. त्यातून 10 वजा केले की उरतात 31, म्हणजे सात महिने. हे त्याचं सुधारित वय. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, बोलणं हे सगळं दोन वर्षांपर्यंत याच वयाने मोजायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. "नाजूक आहे, जरा मोठं होऊ दे" म्हणून दीड महिन्याची लस पुढे ढकलली जाते, आणि संसर्गाचा धोका तर याच बाळांना जास्त असतो.

सात महिन्यांचं बाळ पुढे हात टेकून बसतं आणि कलंडतं. जावेच्या बाळाशी तुलना इथेच संपली.

पण एवढ्यावर त्यांना घरी पाठवणं चूक ठरलं असतं. सुधारित वय ही मोजपट्टी आहे, नुसता दिलासा नाही. बाळाला सतरंजीवर पालथं घातलं, तर लगेच रडायला लागलं. उभं धरलं, तर पाय ताठ आणि टाचा अधांतरी. "लंगोट बांधताना मांड्या सहज उघडतात का?" आजी म्हणाल्या, "नाही हो, पहिल्यापासून जोर लावावा लागतो."

घरी पांगुळगाडा (आत बसवायचा वॉकर) होता. लवकर चालेल म्हणून रोज दोन तास.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळ पोटात अंगाचं मुटकुळं करून असतं. त्यातून हात-पाय दुमडण्याची, पुढे वाकण्याची तयारी होते. लवकर आलेलं बाळ तेच दिवस सपाट गादीवर काढतं, त्यामुळे अंग मागे ताणण्याकडे त्याचा कल राहतो. पांगुळगाड्यात ते लटकून पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं. म्हणजे आधीच ताठ असलेल्या पोटऱ्या आणखी ताठ होतात आणि बसायला लागणाऱ्या पोट-पाठीच्या स्नायूंना कामच मिळत नाही.

पांगुळगाडा त्याच दिवशी बंद करायला सांगितला. दिवसातून पाच-सहा वेळा, तीन-तीन मिनिटं पालथं घालायचं. दूध पाजल्यावर लगेच नाही. छातीखाली दुपट्याची गुंडाळी, हात तिच्यापुढे आणि समोर आईचा चेहरा, कारण खुळखुळ्यापेक्षा बाळ त्यासाठी मान जास्त वेळ उचलतं. कडेवर घेताना पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना. लंगोट बदलताना पाय धरून उचलायचं नाही, कुशीवर वळवायचं. बसवताना उशांचा ढीग नको. आईने पाय पसरून त्यात बसवायचं, खेळणं जमिनीवर पुढे.

ताठरपणासाठी त्यांना बालविकासतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. बऱ्याच बाळांचा ताठरपणा पुढे सैल होतो, काहींत मात्र ती सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणाऱ्या परिणामाची) सुरुवात असते. नुसती वाट पाहून हा फरक वेळेत कळत नाही. अनेक जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी आणि उपचार मोफत होतात. सुधारित चार महिन्यांना मान धरली नाही, नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसलं नाही, किंवा वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरू लागलं, तर पुढच्या लसीपर्यंतही थांबू नये.

फाइलमध्ये डोळ्यांच्या पडद्याची तपासणी होती, कानांची बेरा, म्हणजे ऐकू येतं का हे पाहणारी तपासणी, नव्हती. "टाळी वाजवली की बघतो" एवढं पुरेसं नाही. टाळीचा आवाज मोठा असतो, बोलण्यातले बारीक आवाज त्याला ऐकू येतात का, ते त्यातून कळत नाही.

निघताना आईने हळूच विचारलं, "मी सातव्यातही कामावर जात होते, त्यामुळे झालं का?" रक्तदाब अचानक वाढल्याने प्रसूती लवकर करावी लागली, असं फाइलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. ती ओळ आजींसमोर मोठ्याने वाचून दाखवली. आजींचं "अठमाशापेक्षा सातमाशी बरं" हेही तिथेच खोडून काढलं, कारण पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

अकरा महिन्यांचा झाला तेव्हा तो सतरंजीवर आधाराशिवाय बसून वाटीवर चमचा आपटत होता. बेरा नॉर्मल आली होती. टाचा अजून पूर्ण टेकत नव्हत्या. फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा चालू आहे.