विश्वास उरला नाही, तरी ‘नमो मरिया’ ओठांवर येतं

माझ्याकडे समुपदेशनासाठी एक शिक्षक आले होते. बोलता बोलता त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. दहा झाले की थांबायचा, क्षणभर तसाच राहायचा आणि पुन्हा पहिल्या पेरावर यायचा. पहिल्या भेटीत मी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या भेटीत त्यांनीच हात पुढे केला.

“याच्यासाठीच आलोय मॅडम. चर्चमध्ये मिस्सेला, उपासनेला जाणं सोडून २९ वर्षं झाली. देव आहे असं मला वाटत नाही. मुलांना मी भौतिकशास्त्र शिकवतो. आणि रात्री ‘नमो मरिया’ ही मरियामातेची प्रार्थना म्हटल्याशिवाय माझा डोळा लागत नाही. हे ढोंग नाही तर काय?”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.)

कॅथलिक घरात वाढलेल्या कितीतरी माणसांनी मला हा प्रश्न विचारलाय. चर्च सुटतं, धर्मगुरूंपुढचं पापनिवेदन सुटतं, शेवटी नाताळची मिस्सासुद्धा सुटते. रोझरी, म्हणजे जपमाळ, मात्र खिशात, उशीखाली किंवा नुसत्या बोटांत राहून जाते. मग दोन्हीकडून लाज वाटते. श्रद्धाळू नातेवाइकांसमोर वाटतं की आपण खोटे आहोत, आणि श्रद्धा न मानणाऱ्या मित्रांसमोर वाटतं की आपण दुबळे आहोत.

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट तपासते. “एखाद्या रात्री माळ राहून गेली तर काय होतं?” त्यांनी थोडा विचार केला. “चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. घरून फोन यायचा होता आणि आला नाही, तसं.” मणी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता का? नाही. म्हटलं नाही तर कुणाचं तरी वाईट होईल अशी धास्ती? तीही नाही. हे विचारणं फार गरजेचं आहे. काहींची माळ पूर्णच होत नाही. शब्द नीट उच्चारला गेला नाही म्हणून ते दहाचे वीस, विसाचे शंभर करतात, घामाघूम होतात. तिथे प्रश्न श्रद्धेचा नसतो. तो मंत्रचळेपणाचा आजार असतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोलासुद्धा १५२२च्या सुमारास अशाच शंकाकुशंकांनी पार हैराण झाले होते. ज्यांना स्वतःबद्दल असं वाटतंय, त्यांनी हा लेख इथेच ठेवून मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्यावी.

यांचं तसं नव्हतं. मग मी त्यांना म्हटलं, “तुम्ही माळ कशी म्हणता, मला सांगा. अगदी पहिल्या मण्यापासून.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माळेत दहा-दहा लहान मण्यांचे पाच संच असतात, आणि त्यांच्यामध्ये एकेक मोठा मणी. लहान मण्यावर ‘नमो मरिया’, मोठ्यावर ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. लोंबणारा भाग धरून एकूण ५९ मणी. म्हणताना येशू आणि मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं ध्यान करायचं असतं; त्या प्रसंगांना ‘रहस्यं’ म्हणतात.

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मधेच अडखळले. “मोठा मणी मी सोडतो,” ते म्हणाले. “तिथे गप्प राहतो. त्या प्रार्थनेतलं ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे माझ्या तोंडून निघत नाही.”

त्यांचा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असताना आजारी पडला होता. घरच्यांनी ५४ दिवसांची रोझरी नोव्हेना, म्हणजे रोज माळ म्हणण्याचं व्रत, धरलं. त्याची रीत अशी, की पहिले २७ दिवस मागणं मागायचं आणि पुढचे २७ दिवस आभार मानायचे. मागितलेलं मिळो न मिळो, आभार मानायचेच. भाऊ गेला तो आभाराच्या दिवसांत.

“त्या रात्रीसुद्धा आम्ही गुडघे टेकून आभार मानत होतो मॅडम. इकडे आभार मानतोय आणि तिकडे तो एकटा.”

त्यानंतर आम्ही चार भेटी फक्त भावाबद्दल बोललो. रोझरीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

त्याच्या पुढच्या भेटीला ते तयारीनिशी आले. म्हणाले, हे सगळं श्वासाचं गणित तर नसेल? मी त्यांना २००१ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमधून ‘नमो मरिया’ म्हणायला लावलं, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि योगातल्या मंत्रानेही तसंच झालं. त्यांना बरं वाटलं. मला मात्र ते उत्तर अपुरं वाटलं, आणि मी तसं म्हटलं. झोप का लागते ते यातून कळतं. मोठ्या मण्यापाशी घसा का दाटतो, ते कळत नाही.

त्यांच्या मनात आणखी एक काटा होता. लहानपणी धर्मशिक्षणात ऐकलेलं वाक्य: ध्यान नसेल तर रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर. “माझी तशीच आहे,” ते म्हणाले. मी समुपदेशक आहे, धर्मगुरू नाही. त्यांना विचारून मी एका फादरांशी बोलले. फादर म्हणाले, हे वाक्य पोप पॉल सहावे यांच्या १९७४च्या पत्रातलं आहे. त्याच पत्रात पुढे असंही आहे की रोझरी उत्तम प्रार्थना आहे, पण श्रद्धाळूंना तिच्या बाबतीत मोकळं वाटायला हवं. ती चर्चच्या सात संस्कारांपैकी नाही, तिची सक्ती नाही. माळ हातात घेण्याआधी पापनिवेदन केलेलं असायला हवं अशी अटही नाही. “ते मिस्सेला येत नाहीत याचं मला वाईट वाटतं,” फादर म्हणाले, “पण म्हणून मी त्यांच्या हातातली माळ काढून घेणार नाही.” मी हे जसंच्या तसं पोचवलं, वाईट वाटण्यासकट. ते वगळलं असतं तर मी त्यांची फसवणूक केली असती.

अशा माणसांना घरचे प्रेमाने मदर तेरेसांचा दाखला देतात. त्यांनीसुद्धा वर्षानुवर्षं आतला अंधार सोसला, तसंच हे आहे, म्हणतात. मी तो दाखला देत नाही. त्यांनी त्या अंधारातही वाट सोडली नाही, यांनी सोडली आहे. सोडणाऱ्याला त्याचं सोडणंही प्रामाणिकपणे बोलता आलं पाहिजे. नाहीतर त्याच्या दुःखावर दुसऱ्याच कुणाचं नाव लिहिलं जातं.

मग मी विचारलं, बापाशी अबोला आहे, मग आईशी का नाही?

ते बराच वेळ बोलले नाहीत. अंगठाही थांबला होता. मग म्हणाले, “दुःखाच्या रहस्यांत शेवटी ती क्रुसाखाली उभी असते. योहानाच्या शुभवर्तमानात तिथे तिच्या तोंडी एक शब्दही नाही. तिने आभार मानले नाहीत, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’सुद्धा म्हटलं नाही. नुसती उभी राहिली. मला तेवढंही जमलं नाही मॅडम, मी तिथे नव्हतोच.”

त्या दिवशी ते पहिल्यांदा रडले. वेळ संपली होती, पण मी उठले नाही.

ढोंगाचा प्रश्न त्यांनी परत विचारला नाही, आणि मीही उकरून काढला नाही. माझं मत मात्र मी त्यांना सांगितलं होतं: ढोंग दुसऱ्याला दाखवायला करतात. अंधारात, पांघरुणाखाली, बायकोलाही न कळू देता २९ वर्षं कुणी ढोंग करत नाही.

आता बायकोला माहीत आहे. ते अजून मिस्सेला जात नाहीत, देवाबद्दलचं मतही बदललेलं नाही. शेवटच्या भेटीत मी मोठ्या मण्याबद्दल विचारलं.

“तिथे अजून गप्पच असतो,” ते म्हणाले. “पूर्वी पटकन पुढे सरकायचो. आता थोडा थांबतो.”