अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पंचांची चूक उघड झाली तरी निकाल का बदलत नाही, आणि शेवटच्या सेकंदांवरून इतके वाद का होतात?

तुमचा प्रश्न असा आहे: 2016 मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाची टीम पंचांच्या चुकीमुळे हरली, हे नंतर पंचांसकट सगळ्यांनी मान्य केलं. तरी निकाल तोच का राहिला? आणि या खेळात शेवटच्या एका-दोन सेकंदांवरून एवढी भांडणं का होतात?

निकाल राहिला, कारण नियमच तसा आहे. मुख्य पंचाने सामना संपल्याचं जाहीर केलं की गुणसंख्या अंतिम. त्यानंतर पंचांना निलंबित करता येतं, दिलगिरीचं पत्रक काढता येतं, पण गुण हलवता येत नाहीत. क्रिकेटचा नियमही याच वळणाचा आहे. पंच मोजायला चुकला आणि षटकात पाचच चेंडू पडले, तरी पंचाने मोजलं ते षटक ग्राह्य धरतात.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावात राहतो. इथे आमच्या मंडळाच्या गणपतीची तारीख ठरवतानासुद्धा आधी होम गेम कधी आहे ते बघावं लागतं, नाहीतर त्या दिवशी गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. त्यामुळे हे वाद माझ्या कानावर इच्छा नसली तरी पडतात. आणि ऐकून ऐकून माझं एक मत झालं आहे: लोक चुकीच्या चुकांवर चिडतात. एक सेकंद परत दिला म्हणून जो आरडाओरडा होतो, तो सेकंद बहुतेक वेळा बरोबरच दिलेला असतो. खरा संताप यायला हवा तो साधा हिशेब चुकतो तेव्हा.

ओक्लाहोमा स्टेटचंच बघा. 10 सप्टेंबर 2016, स्टिलवॉटर. सेंट्रल मिशिगनविरुद्ध 27-24 अशी आघाडी, शेवटचे 4 सेकंद, चौथा डाउन (म्हणजे चारपैकी शेवटचा प्रयत्न). क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) मेसन रुडॉल्फने वेळ संपवण्यासाठी बॉल उंच लांब भिरकावून दिला. आसपास आपला खेळाडू नसताना असा बॉल फेकणं हा फाऊल, तो पंचांनी बरोबर दिला. घड्याळ शून्यावर आलं होतं. आता सर्वसाधारण नियम असा की शेवटच्या खेळीत फाऊल झाला तर आणखी एक खेळी मिळते. पण त्याला अपवाद आहे: ज्या फाऊलची शिक्षा म्हणून डाउन जातो, त्यासाठी वेळ वाढवत नाहीत. म्हणजे सामना तिथेच संपला होता. पंच हा अपवाद विसरले. सेंट्रल मिशिगनला एक फुकटची खेळी मिळाली, कूपर रशने लांब बॉल टाकला, जेसी क्रोलने तो पकडला आणि खाली पडता पडता कोरी विलिसकडे दिला, विलिस धावत गोलरेषेपलीकडे गेला, म्हणजे टचडाउन, सहा गुण. 30-27.

यात कुणाच्या नजरेचा प्रश्नच नव्हता. पाय रेषेच्या आत होता की बाहेर, बॉल हातात होता की सुटला, असं काहीही नाही. फक्त नियम आठवायचा होता, आणि मैदानावर एवढे पंच आणि वर रिप्लेच्या खोलीतली माणसं असताना कुणालाच तो वेळेवर आठवला नाही. मैदानावरचे पंच एका कॉन्फरन्सचे (विद्यापीठांच्या एका गटाचे) होते, रिप्लेवाले दुसऱ्या कॉन्फरन्सचे. दोन्हीकडच्यांना निलंबन झालं. निकाल राहिला.

हिशेबाच्या चुकांचा बाप म्हणजे 6 ऑक्टोबर 1990 चा कोलोरॅडो-मिझुरी सामना, कोलंबियातल्या फॉरोट फील्डवरचा. या खेळात दहा यार्ड जाण्यासाठी किंवा गोलरेषा ओलांडण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. कोलोरॅडो 31-27 ने मागे, बॉल गोलरेषेपासून तीन यार्डांवर, अर्धा मिनिट शिल्लक. बदली क्वार्टरबॅक चार्ल्स जॉन्सनने घड्याळ थांबवायला बॉल जमिनीवर आपटला (याला स्पाइक म्हणतात, आणि तो एक डाउन धरला जातो). मग एरिक बिएनेमी धावला, अडला. टाइमआउट झाला. आणि त्या गडबडीत, सीमारेषेवर कितवा डाउन आहे ते दाखवणारी पाटी उलटायची राहून गेली. पुढची धाव हा तिसरा डाउन होता, पाटीवर मात्र दुसराच होता. मग जॉन्सनने पुन्हा स्पाइक केला, तो प्रत्यक्षात चौथा डाउन होता. बॉल मिझुरीचा व्हायला हवा होता. तो झाला नाही. पाचव्या डाउनवर जॉन्सन स्वतः घुसला आणि टचडाउन मिळाला. तो तरी रेषेपलीकडे गेला का, यावर मिझुरीवाले आजही वाद घालतात, तो वेगळाच. 33-31.

कोलोरॅडोचे कोच बिल मॅकार्टनी हे स्वतः मिझुरीचे माजी खेळाडू. सामना सोडून देणार का, असं विचारल्यावर त्यांनी मैदान किती निसरडं होतं याची तक्रार केली. पंचांना निलंबन झालं. आणि त्या हंगामाअखेर कोलोरॅडो एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत राष्ट्रीय विजेता ठरला, तर कोचांच्या मतदानात जॉर्जिया टेक पहिला आला. अर्धं विजेतेपद एका न उलटलेल्या पाटीवर उभं आहे, असं म्हटलं तर कोलोरॅडोचे लोक चिडतात, पण खोटं नाही. शिवाय ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात नोत्र दामला 10-9 हरवताना शेवटच्या मिनिटात रघिब इस्माईलने बॉल पळवत नेऊन केलेला टचडाउन क्लिपिंगच्या (मागून अडवण्याच्या) फाऊलमुळे रद्द झाला होता. त्यावरही वाद आहेच.

निकाल उलटल्याचं गाजलेलं उदाहरण अगदी जुनं आहे, आणि तेही नियमाने नाही, सभ्यतेने. 16 नोव्हेंबर 1940, कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ. तिथेही शेवटच्या क्षणी पाचवा डाउन दिला गेला आणि कॉर्नेल 7-3 ने जिंकलं. नंतर चित्रफीत बघितल्यावर पंच रेड फ्रिझेल यांनी चूक कबूल केली आणि कॉर्नेलने डार्टमथला तार करून विजय देऊ केला. डार्टमथने तो घेतला. 3-0 अशी नोंद आहे. कॉर्नेलची त्याआधी 18 सामने न हरण्याची मालिका होती, ती त्यांनी आपल्या हाताने तोडली. आज एका सामन्यावर प्लेऑफची जागा अवलंबून असते, तेव्हा असं कुणी करेल यावर माझा विश्वास नाही.

आता घड्याळ. टीव्हीवर बघताना वाटतं की घड्याळ आपोआप चालतं. तसं नाही. मैदानावरचा पंच हात फिरवून घड्याळ सुरू करा अशी खूण करतो, दोन्ही हात डोक्यावर हलवून थांबवा म्हणतो, आणि वर बसलेला एक माणूस ती खूण बघून बटण दाबतो. खूण आणि बोट यांच्या मधे वेळ जातोच. पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं आणि पुढच्या स्नॅपला (बॉल मागे देऊन खेळी सुरू करतात तेव्हा) सुरू होतं. खेळाडू बॉल घेऊन सीमेबाहेर गेला की थांबतं, पण शेवटची दोन मिनिटं सोडली तर पंचाची खूण मिळताच पुन्हा सुरू. 2023 पर्यंत प्रत्येक फर्स्ट डाउनलाही थोडं थांबायचं, आता ते दोन्ही हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांतच. म्हणजे प्रत्येक सामन्यात कित्येकदा कुणीतरी बटण दाबतं आणि सोडतं. चुका सुरुवातीपासून होत असतात, आपल्याला फक्त शेवटच्या दिसतात.

2001 मध्ये बिग टेन कॉन्फरन्समध्ये हा बटण दाबणारा माणूस यजमान संघाचा असायचा. 3 नोव्हेंबरला मिशिगन स्टेटच्या मैदानात मिशिगन 24-20 ने पुढे होतं. जेफ स्मोकरने धावपळ करत स्पाइक केला आणि घड्याळ 1 सेकंदावर थांबलं. पुढच्या खेळीत टी. जे. डकेटने टचडाउन घेतला, 26-24. मिशिगनवाल्यांनी यजमानांच्या माणसाने घड्याळ लवकर थांबवल्याचा आरोप केला आणि हे प्रकरण ‘क्लॉकगेट’ म्हणून गाजलं. तो सेकंद खरा होता की नव्हता, यावर इथे लग्नाच्या पंगतीतही दोन तट पडतात. पुढे बिग टेनने हे काम तटस्थ माणसाकडे दिलं, आणि माझ्या मते त्या सामन्यातून निघालेली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच. माणूस प्रामाणिक असेल हो, पण त्याला त्या खुर्चीत बसवायचंच कशाला?

रिप्ले आल्यावर सेकंद परत द्यायची सोय झाली. 5 डिसेंबर 2009, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचा अंतिम सामना, टेक्सास 12-10 ने मागे. कोल्ट मॅकॉयने बॉल बाहेर फेकला, घड्याळ शून्यावर गेलं, नेब्रास्काचे खेळाडू मैदानात नाचायला लागले. रिप्लेत दिसलं की बॉल बाहेरच्या कठड्याला लागला तेव्हा एक सेकंद बाकी होता. हंटर लॉरेन्सने 46 यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेला, तीन गुणांचा) मारला, 13-12. त्या दिवशी नेब्रास्काचा एन्डामुकाँग सू साडेचार सॅक करून (म्हणजे क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडून) एकट्याने टेक्सासला छळत होता, त्यामुळे माझीही सहानुभूती नेब्रास्काकडे. पण निर्णय बरोबर होता.

सेकंद मागून घेणाऱ्यालाच तो महागात पडल्याची गोष्ट तर तुम्हाला माहीतच असेल. 30 नोव्हेंबर 2013, आयर्न बोल, म्हणजे अलाबामा विरुद्ध ऑबर्न. 28-28 अशी बरोबरी, अलाबामाचे कोच निक सेबन यांनी एक सेकंद परत मागितला, तपासून तो मिळाला. 57 यार्डांवरून मारलेला फील्ड गोल अपुरा पडला, ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने तो गोलरेषेच्या मागे झेलला आणि सरळ दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. 34-28 ऑबर्न.

आजचे घड्याळाचे बरेचसे नियम अशाच एखाद्या सामन्याच्या पोटातून आले आहेत. सगळ्यात ताजं उदाहरण 12 ऑक्टोबर 2024 चं, ओरेगन विरुद्ध ओहायो स्टेट. ओरेगन 32-31 ने पुढे, 10 सेकंद बाकी. ओरेगनने बचावात 11 ऐवजी 12 माणसं उतरवली. दंड पाच यार्डांचा, पण त्या खेळीत गेलेले चार सेकंद गेलेच, आणि जादा माणसामुळे पास अडवणं सोपं झालं. विचारल्यावर कोच डॅन लॅनिंग यांनी हे मुद्दाम होतं हे जवळपास मान्यच केलं. नियमभंग करून फायदा, आणि तोही नियमात बसणारा! काही दिवसांतच कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने सूचना काढली की शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं तर समोरच्या संघाला घड्याळ मागे घेऊन मागता येईल.

आणि सगळा दोष पंचांवर टाकू नका. नोव्हेंबर 2009 मध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट) ओल मिसकडून (मिसिसिपी विद्यापीठाकडून) 25-23 हरली तेव्हा शेवटचे मौल्यवान सेकंद त्यांनी स्वतःच वाया घालवले आणि एक सेकंद उरला असताना क्वार्टरबॅकने स्पाइक केला. एका सेकंदात स्पाइक करून दुसरी खेळी होत नाही. 2013 पासून तर नियमच आहे की स्पाइक करून पुन्हा खेळायला किमान तीन सेकंद हवेत.

टेनेसीचं 2010 तर विचारूच नका. 2 ऑक्टोबरला एलएसयूविरुद्ध 14-10 ने पुढे असताना समोरच्यांचा गोंधळ उडाला, वेळ संपली, टेनेसीचे लोक जल्लोष करत मैदानात धावले. मग कळलं की त्या खेळीत त्यांचेच 13 खेळाडू मैदानात होते. दंड, आणखी एक खेळी, स्टीव्हन रिडलीचा टचडाउन, 16-14. मग 30 डिसेंबरला नॅशव्हिलला म्युझिक सिटी बोलमध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध 20-17 ने पुढे. या वेळी जादा माणसं समोरच्यांची होती. फील्ड गोलवाले मैदानात येत असतानाच क्वार्टरबॅकने स्पाइक केला, सामना संपल्याचं जाहीर झालं, पुन्हा जल्लोष. रिप्लेने एक सेकंद परत दिला, फक्त पाच यार्ड दंड झाला, नॉर्थ कॅरोलायनाने फील्ड गोल मारून बरोबरी केली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये 30-27 ने जिंकलं. 2011 मध्ये नियम आला की शेवटच्या मिनिटात अशा फाऊलने घड्याळ थांबलं तर समोरचा संघ दहा सेकंद कापून घेऊ शकतो; 2024 पासून तो शेवटच्या दोन मिनिटांना लागू आहे. हा नियम त्या रात्री असता, तर टेनेसीचा दुसरा जल्लोष तरी वाया गेला नसता.