छंदाच्या छोट्या वेबसाइटवरून पैसे येतात का? येतात, पण कुठून आणि किती ते आधी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी मासे पाळायचा छंद आहे, नोकरी सांभाळून त्यावर मराठीत छोटी वेबसाइट काढली तर एकदा लिहून ठेवल्यावर दरमहा आपोआप पैसे येत राहतील का, आणि हे शिकवणारा एक महागडा ऑनलाइन कोर्स घ्यावा का.

कोर्स घेऊ नका. त्यात जे सांगतात ते सगळं फुकट वाचायला मिळतं, आणि जे खरं उपयोगी आहे ते तुमच्या टाकीपाशी बसूनच कळणार आहे.

पैसे मात्र येतात. माझी शाईच्या पेनांवर मराठी वेबसाइट आहे, बरीच वर्षं चालू आहे. तिच्यावर घर चालत नाही. डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) वगैरे खर्च निघून महिन्याला एखादं बरं पेन आणि शाईच्या दोन बाटल्या घेता येतील एवढं सुटतं. शाळा उघडताना आणि दिवाळीच्या सुमारास जास्त, एप्रिल-मेमध्ये कमी. इथवर यायलाही वर्षाहून जास्त काळ गेला. एका माणसाने, एका छोट्या विषयावर, मराठीत लिहून एवढं मिळणं मला समाधानाचं वाटतं; नोकरी सोडण्याइतकं हवं असेल तर हा रस्ता तिकडे जात नाही.

आता कुठल्या पानावर पैसे मिळतात ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. माझी सर्वांत आवडती पानं इतिहासाची आहेत. राजमहेंद्रीच्या रत्नम यांची स्वदेशी पेनं, १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' नावाने सुरू केलेला शाईचा उद्योग, जो पुढे कॅम्लिन म्हणून घराघरात पोचला. लोक ही पानं आवडीने वाचतात, आपल्या शिक्षकांना, वडिलांना पाठवतात. त्यांतून उत्पन्न जवळजवळ काही नाही. वाचणाऱ्याला त्या क्षणी काही विकत घ्यायचंच नसतं.

कमाई करतं ते 'पेन गळतंय, काय करू?' हे साधं पान. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनात शाई संपत आली की आत हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईला निबवाटे बाहेर ढकलते, मग वहीवर डाग पडतो. यावर उपाय म्हणजे पेन अर्ध्यावर आलं की पुन्हा भरणं. आट्यांमधून गळत असेल तर आटे पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावायचा. हे मी फोटोंसकट लिहिलंय. ते वाचणाऱ्याचा शर्ट तेव्हा शाईने भरलेला असतो, त्याला ग्रीसची छोटी डबी आज हवी असते, आणि ती कुठे मिळते तो दुवा तिथेच आहे. त्या खरेदीवर मला थोडं कमिशन मिळतं. दुसरं चालणारं पान पावसाळ्याचं आहे: कागद दमट झाला की शाई पसरते, कुठल्या वहीत कमी पसरते. एकच शाई वेगवेगळ्या वह्यांवर लिहून काढलेले फोटो आहेत त्यात. जुलै आला की ते पान आपोआप वर येतं.

थोडक्यात, अडलेल्या माणसासाठी लिहा. तुमच्या विषयात अडलेली माणसं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. नव्या टाकीतले मासे पहिल्या आठवड्यातच का मरतात? कारण माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि त्याचं आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार टाकी आणि मासे एकाच दिवशी देतो, हे सांगत नाही. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन कसं घालवायचं? बोअरवेलचं जड पाणी कुठल्या माशांना चालतं? लोडशेडिंगमध्ये फिल्टर चार तास बंद राहिला तर काय? इंग्रजीत अमोनियावर ढीगभर लिहिलेलं सापडेल. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात, चाळिशीपार तापमानात, लाइट गेलेल्या दुपारी टाकी कशी सांभाळायची हे मराठीत लिहिणारा मला तरी दिसत नाही. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून त्या दुपारी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलेला बरा. अमोनिया तपासायचा किट, क्लोरीन घालवणारं द्रव, तो पंप: हे तिन्ही गरजेचे आहेत आणि तिन्ही विकत मिळतात.

जाहिरातींवर फार विसंबू नका. गूगल ॲडसेन्स, म्हणजे आपल्या पानावर जाहिराती लावून त्यांचे पैसे देणारी गूगलची सेवा, २०१८ पासून मराठी वेबसाइटना जाहिराती देतं, हे चांगलंच झालं. पण मराठी पानांवरच्या जाहिरातींचा दर इंग्रजीच्या मानाने खूप कमी पडतो. १०० डॉलर जमल्याशिवाय ते पैसे पाठवत नाहीत. समजा पान हजारदा पाहिलं गेल्यावर तुम्हाला ४० रुपये मिळाले, तर १०० डॉलरचे आठ-नऊ हजार रुपये जमायला पानं दोन लाखांहून जास्त वेळा पाहिली जायला हवीत. छोट्या छंदाच्या साइटला तेवढे वाचक जमवायला बराच काळ लागतो. खात्यात १० डॉलर झाले की पत्त्याची खात्री करायला पोस्टाने पिन येतो, म्हणून पत्ता पिनकोडसकट नीट भरा. आणि पानभर जाहिराती लावू नका. वडीलधारे वाचक त्यात हरवतात आणि परत येत नाहीत.

कमिशनच्या दुव्यांचे नियम आधी वाचून घ्या. ॲमेझॉनच्या योजनेत खातं उघडल्यावर १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, म्हणून वाचक येऊ लागल्यावरच अर्ज करा. दुव्यावर टिचकी मारल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली तर कमिशन धरतात. स्वतःच्या दुव्यावरून स्वतः केलेली खरेदी चालत नाही. आणि दुव्यातून आपल्याला पैसे मिळतात हे पानाच्या सुरुवातीलाच स्वच्छ मराठीत लिहा. नियम म्हणून तर लिहायचंच, पण मला तो वाचकाचा हक्क वाटतो. माझ्या साइटवर काही पेनांबद्दल 'हे घेऊ नका, निब कागद खरवडते' असंही लिहिलेलं आहे, आणि अशी पानं वाचूनच लोक माझ्या बाकीच्या शिफारशींवर विश्वास ठेवतात. ज्या वस्तूने मासे मरतील असं तुम्हाला वाटतं, तिचा दुवा कितीही कमिशन असलं तरी देऊ नका. माशांच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा आहे.

माझं सर्वांत चांगलं उत्पन्न मात्र जाहिरातींचंही नाही आणि कमिशनचंही नाही. ते कित्त्यांचं आहे. शाईचं पेन घेतल्यावर लोक विचारायचे, आता अक्षर कसं सुधारू? देवनागरी सुलेखनाला बोरूच्या (तासलेल्या लेखणीच्या) टोकाचा छेद रोमन लिपीच्या उलट तिरका लागतो, त्यामुळे बाहेरची तयार तिरक्या निबची पेनं आपल्या अक्षराला बहुधा जमत नाहीत. हे लिहिल्यावर तर विचारणा आणखी वाढली. म्हणून मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं गिरवायचे कित्ते छापण्याजोगी पीडीएफ करून ठेवले, अगदी कमी किमतीला. महाराष्ट्रातले पालक घेतातच, पण अमेरिकेत मंडळांच्या मराठी शाळांमध्ये मुलांना पाठवणारे आईबाप जास्त घेतात, कारण तिकडे दुकानात कित्ता मिळत नाही. (यूपीआयने भारतातले पैसे सहज येतात, परदेशासाठी कार्डाने पैसे घेणारी सोय वेगळी सुरू करून घ्यावी लागते, आणि तिला कागदपत्रं लागतात.) एकदा नीट केलेला कित्ता वर्षानुवर्षं विकला जातो. तुम्ही जिला 'आपोआप' म्हणता तिच्या सर्वांत जवळ जाणारी कमाई हीच. तुमच्याकडे असं काय होऊ शकतं? नव्या टाकीच्या पहिल्या सहा आठवड्यांचं रोजचं वेळापत्रक, भिंतीवर लावता येईल असं. मला स्वतःला ते विकत घ्यावंसं वाटेल.

'आपोआप' या शब्दावर आणखी थोडं. महिन्यातला एखादा रविवार मी फक्त डागडुजीला देतो. पेनं बनणं बंद होतं, दुवे मोडतात, वाचकाचा प्रश्न खाली अनुत्तरित पडून असतो. किमती मी पानावर लिहीतच नाही, त्या आठवड्यात बदलतात. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतातही बऱ्याच प्रश्नांची एआयने बनवलेली उत्तरं सगळ्यात वर दाखवतं. त्यामुळे 'शाई कशाने बनते' यासारख्या पाठ्यपुस्तकी पानांकडे येणारे लोक कमी झाले. गळणाऱ्या पेनाचे फोटो, वह्यांची तुलना, माझा स्वतःचा हात लागलेली पानं टिकली. म्हणून प्रत्येक पानात असं काहीतरी असू द्या जे फक्त तुमच्या टाकीत घडलं आणि तुम्हीच पाहिलं.

लिहायला बसाल तेव्हा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या छपाईच्या फॉन्टात किंवा चित्रात लिहिलेली अक्षरं गूगलला नीट सापडत नाहीत, अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाहीत. शीर्षक लोक जसं बोलतात तसं ठेवा: 'गोल्डफिश तळाशी बसून राहतोय'. सुरुवातीला गूगलची 'ब्लॉगर' ही साइट काढायची सोय पुरे, त्याला खर्च नाही. जम बसला की स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर पडतं. ते आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर घ्या, साइट बनवून देणाऱ्याच्या नाही.

नोकरी सरकारी असेल तर पैसे सुरू होण्यापूर्वीच कार्यालयात विचारा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे खासगी व्यापार-धंद्याला पूर्वपरवानगी लागते. खासगी नोकरीत नेमणुकीचं पत्र काढून बघा, बऱ्याच पत्रांत असं कलम असतं. ही मिळकत आयकर विवरणात दाखवावी लागते, रक्कम लहान असली तरी. होस्टिंग, डोमेन, तपासणीसाठी घेतलेल्या वस्तू यांच्या पावत्या ठेवा म्हणजे खर्च वजा करता येतो. कुठला फॉर्म लागेल ते एकदा सीएंना विचारलेलं बरं, कारण कमिशनच्या उत्पन्नाला छोट्या धंद्याची सोपी अंदाजी कर-पद्धत लागू होत नाही.

सुरुवात अशी करा. तुमच्या ओळखीतल्या ज्यांनी टाकी ठेवून सोडून दिली, त्या प्रत्येकाला विचारा की का सोडली. जी कारणं येतील ती त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. तीच तुमच्या पहिल्या पानांची शीर्षकं. सर्वांत आधी लाइट गेल्यावरचं पान लिहा, आणि ते मार्च उजाडायच्या आत वर चढवा, म्हणजे उन्हाळ्यात शोधणाऱ्यांना ते सापडेल. दुवे, जाहिराती काहीही त्यात पहिल्या दिवशी नको. खाली प्रश्न विचारायची जागा तेवढी उघडी ठेवा, दुसरं पान काय असावं ते तिथे येणारे लोकच तुम्हाला सांगतील.