हीट पंप बदलण्याच्या तीन कोटेशनांपैकी रास्त कोणते?

तुम्ही लिहिले आहे की नॉर्थ कॅरोलिनातील केरी येथील तुमच्या १,९०० चौरस फुटांच्या घरातला ३ टनी हीट पंप (उन्हाळ्यात घर थंड आणि हिवाळ्यात गरम करणारे यंत्र) बंद पडला असून संपूर्ण यंत्रणा बदलण्यासाठी ९,६००, १३,४०० आणि १८,९०० डॉलर अशी तीन कोटेशने आली आहेत. यांतली रास्त किंमत कोणती, हा तुमचा प्रश्न आहे. मी याच भागात राहतो आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या घरचा हीट पंप बदलला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या तीन आकड्यांची तुलना आज होऊ शकत नाही, कारण बहुधा ते तीन वेगवेगळ्या कामांचे आकडे आहेत. मला आलेले सर्वांत स्वस्त कोटेशन १०,२०० डॉलरचे होते आणि मी ते जवळजवळ स्वीकारलेच होते. त्या एका पानावर ब्रँड, टनेज आणि एकूण रक्कम एवढेच लिहिलेले होते. विचारपूस केल्यावर समजले की परमिट, थर्मोस्टॅट, कडाक्याच्या थंडीत मदतीला येणारी विजेची हीट स्ट्रिप, बाहेरच्या युनिटखालचा पॅड आणि पाणी तुंबल्यास यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच यांपैकी काहीच त्यात धरलेले नव्हते. हे सारे मिळवल्यावर रक्कम १२,३०० वर गेली आणि हे सर्व आधीच धरून दिलेल्या १२,९०० डॉलरच्या दुसऱ्या कोटेशनशी फरक फक्त ६०० डॉलरचा उरला. म्हणून तिन्ही कंपन्यांना एकच यादी पाठवा आणि प्रत्येक बाब किमतीत धरली आहे की नाही, हे लेखी मागा. आतल्या व बाहेरच्या युनिटला जोडणारी तांब्याची जुनी लाइन बदलणार की धुऊन वापरणार आणि घरभर हवा पोचवणाऱ्या डक्टमध्ये काही दुरुस्ती करणार का, हेही त्या यादीत असू द्या.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा क्षमतेचा आहे. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णता मोजण्याचे एकक). जुन्या यंत्रावरची पाटी वाचून तेवढेच, किंवा 'खबरदारी म्हणून' अर्धा टन जास्त सुचवणाऱ्याने तुमच्या घराचा विचारच केलेला नसतो. 'मॅन्युअल जे' या प्रमाणित पद्धतीने खिडक्यांची दिशा व आकार, अॅटिकमधले इन्सुलेशन आणि हवेची गळती धरून घराची गरज मोजता येते. माझ्याकडे आलेल्या चौघांपैकी एकानेच ती मोजली आणि साडेतीनऐवजी ३ टन पुरेसे असल्याचे आकड्यांनिशी दाखवले. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट थंड करून लगेच थांबते, त्यामुळे हवेतला दमटपणा निघत नाही. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये हा त्रास पैसे मोजून विकत घेण्यासारखा नाही. त्याच गृहस्थांनी परतीच्या हवेचा डक्ट अरुंद असल्याचेही दाखवून दिले. तो रुंद करायला ८५० डॉलर लागले, आणि मला ते आजही संपूर्ण खर्चातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे वाटतात.

१८,९०० डॉलरच्या कोटेशनमध्ये बहुधा इन्व्हर्टरवर चालणारे, गती कमी-जास्त करणारे यंत्र असेल. आज स्प्लिट (आत आणि बाहेर वेगळे युनिट असलेल्या) हीट पंपसाठी किमान कार्यक्षमता १४.३ एसईईआर२ आहे; एसईईआर२ हे थंड करण्यातल्या कार्यक्षमतेचे माप असून आकडा जितका मोठा तितकी वीज कमी लागते. १८ किंवा अधिक कार्यक्षमतेचे यंत्र महाग असणे साहजिक आहे, मात्र ते तुम्हाला हवे आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. तिन्ही कंपन्यांकडून एएचआरआय (या उद्योगातली यंत्रांचे प्रमाणन करणारी संघटना) प्रमाणपत्राचा क्रमांक मागा. आतले आणि बाहेरचे युनिट एकमेकांशी जुळलेले असून त्या जोडीची कार्यक्षमता किती, हे त्यावरून पडताळता येते. आर-४१०ए या शीतक वायूवरच्या (यंत्रात उष्णता वाहून नेणाऱ्या वायूवरच्या) नव्या घरगुती यंत्रणांचे उत्पादन १ जानेवारी २०२५ पासून थांबले असून नव्या यंत्रणांत आर-४५४बी किंवा आर-३२ असतो, त्यामुळे माझ्या २०२३ च्या आकड्यांशी तुमच्या कोटेशनांची थेट तुलना करू नका.

शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांबद्दल सावध राहा. कर्ज देणारी संस्था त्यासाठी कंत्राटदाराकडून शुल्क घेते आणि ते अनेकदा किमतीत मिसळलेले असते, म्हणून रोखीची किंमत वेगळी विचारा. केंद्र सरकारची २,००० डॉलरपर्यंतची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रणांना लागू नाही. कोणी ती वजा करून 'खरी किंमत' सांगत असेल, तर तो हिशेब धरू नका. 'आजच सही केली तर दीड हजार कमी' असे म्हणणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

नुसत्या यंत्राची इंटरनेटवरची किंमत पाहून बाकीची रक्कम लूट आहे, असे मात्र समजू नका. जोड देताना नळीतून नायट्रोजन सोडणे, व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवून तो टिकतो का ते पाहणे आणि शेवटी हवेचा दाब व प्रवाह मोजून नोंदवणे यांना कुशल माणसांचा वेळ लागतो, आणि यंत्र पंधरा वर्षे चालणार की सात, हे बरेचसे त्या दिवसाच्या कामावर ठरते. ही मोजमापे लिहून देणार का, असे तिघांनाही विचारा. मजुरीची हमी किती वर्षांची आहे, तेही विचारा, कारण उत्पादकाची दहा वर्षांची हमी सहसा फक्त सुट्या भागांची असते आणि त्यासाठी बहुतेकदा मुदतीत नोंदणी करावी लागते.

तुमच्या जागी मी १३,४०० वाल्यांकडे आधी 'मॅन्युअल जे'चा कागद मागेन. तो मिळाला आणि वरच्या यादीतल्या सगळ्या बाबी त्या रकमेत असल्या, तर ९,६०० वाल्यांची सुधारित रक्कम येईपर्यंत थांबून दोन्ही कागद शेजारी ठेवून निर्णय घेईन. तिन्ही कोटेशनांतले मॉडेल क्रमांक इथे लिहिलेत, तर मी ते पाहून सांगेन.