आधी ती मेल पाठवू नका

तुम्ही लिहिलंय की वर्गातल्या एका मुलाने तास संपल्यावर थांबून सांगितलं, माझ्याकडे अमेरिकेत राहण्याचे कागद नाहीत, धाकटी बहीण मात्र इथली नागरिक आहे. आणि आता तुम्ही त्याचं नाव घालून 'संबंधित कार्यालयाला' सविस्तर मेल करणार आहात. मेल ड्राफ्टमध्ये असेल तर आधी डिलीट करा, मग पुढे वाचा.

(मी वकील नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षं संध्याकाळी संख्याशास्त्र शिकवलं, एवढाच माझा अधिकार. टेक्सास-फ्लोरिडावाल्यांनी यातलं काही जसंच्या तसं उचलू नये. तिथे अशा मुलांची फीसवलत २०२५ मध्ये गेली.)

हीच मेल मी केली होती. मुलगी पहिल्या सत्राची, दाराजवळच्या बाकावर बसायची. एकदा सगळे गेल्यावर दप्तर पोटाशी धरून तिने मला सांगितलं. मी घरी आले, भांडी सिंकमध्ये तशीच ठेवून मेल लिहिली. तिचं नाव, विद्यार्थी क्रमांक, 'अनडॉक्युमेंटेड' (कागद नसलेली) हा शब्द, वर तिघांना सीसी. फार मोठं काम केल्यासारखी शांत झोपले!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तिला पासपोर्ट-व्हिसा घेऊन आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या काउंटरवर पाठवा. मी पाठवलं. मागे चारजण रांगेत असताना बाईंनी मोठ्याने विचारलं, "व्हिसा कुठला?" ती काही न बोलता परत आली. आठवड्याभरात तिची नोंद परराज्याच्या फीवर गेली. युनिटला (विषयाच्या श्रेयांकाला) ४६ डॉलरच्या जागी तीनशेच्या वर. बारा युनिटांचे ५५२ डॉलर ती पिझ्झाच्या दुकानात राबून जमवत होती. हे तर साडेतीन हजारांच्या पुढे गेलं.

तिने हायस्कूलची चारही वर्षं त्याच गावात काढली होती. अशांना राज्यातल्यांचीच फी लावणारा एबी ५४० हा कायदा राज्यात २००१ पासून आहे. इथल्या शाळेत तीन वर्षं आणि हायस्कूल पूर्ण झालेलं असलं की एक साधा फॉर्म भरायचा, व्हिसाचा प्रश्नच येत नाही. त्या कार्यालयात हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. मला कळेपर्यंत ती यायची थांबली होती. कार्यालयावर मी अजूनही चिडते, पण तिचा विषय त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला मीच.

म्हणून माझं मत (पटणार नाही कदाचित): शिक्षकाने विचारायचं नाही, सांगितलं तर ऐकायचं, आणि लिहायचं तर मुळीच नाही. मेल कॉलेजच्या सर्व्हरवर राहते आणि कोर्टाचा आदेश आला तर बाहेरही जाते. फर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा केंद्राचा कायदा) आहे ना, असं लोक म्हणतात. त्याच कायद्यात जन्मस्थान 'डिरेक्टरी माहिती'त धरायची मुभा आहे. कॉलेजने ते तसं धरलं असेल, तर विद्यार्थ्याने लेखी नकार दिल्याशिवाय त्याला न विचारता देता येतं. तो नकाराचा फॉर्म वर्गात सगळ्यांनाच दाखवा. एकट्या त्याला नको.

तुम्ही कॅलिफोर्नियातच असाल तर २०१९ च्या कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात ड्रीम रिसोर्स लिएझन (अशा मुलांना मदत करणारा कर्मचारी) नेमलेला असायला हवा. फोन करा, मुलाचं नाव न घेता नियम विचारा, मग जायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या.

बहीण नागरिक आहे, म्हणजे तिला पुढे फाफ्सा हा अर्ज भरून केंद्राची मदत मागता येईल. आईवडिलांकडे कागद नसले तरी तिची पात्रता जात नाही. पण त्यात आईवडिलांची माहितीही केंद्राकडे जाते. इथे अशा घरातल्या नागरिक मुलांना त्याऐवजी राज्याचा स्वतःचा मदतीचा अर्ज, ड्रीम अ‍ॅक्ट अर्ज, भरता येतो. त्यावर राज्याचेच पैसे मिळतात, पेल ग्रँट (केंद्राचं अनुदान) नाही. यातलं काय निवडायचं हे त्या घराने ठरवायचं. "भरून टाका, काही होत नाही" असं आपण म्हणू नये. झालं तर आपल्याला होणार नाहीये.

थोडं विषयांतर. मंडळाच्या गणपतीत हा विषय काढला की "ते लोक वेगळे" असं ऐकू येतं. त्याच पंगतीत आपली एच-४ वरची, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आलेली पोरं जेवत असतात. एकवीस पूर्ण झाली की आईबापाच्या व्हिसावरून नाव उतरतं, ग्रीन कार्डाची रांग तर सांगायलाच नको. लहानपणी आलेल्या कागद नसलेल्यांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या डाका योजनेतही त्यांना जागा नाही, कारण त्यासाठी १५ जून २०१२ ला कायदेशीर दर्जा नसायला हवा होता! तुमच्या वर्गातला एखादा कुलकर्णी लायब्ररीतलं काम का घेत नाही, तर एच-४ वरच्या मुलांना कामाची परवानगीच नसते. त्याला आळशी ठरवू नका.

आणखी एक. सॅन डिएगोकडून उत्तरेला येताना आय-५ वर सॅन क्लेमेंटीजवळ बॉर्डर पेट्रोलचा (सीमा पोलिसांचा) नाका आहे, तिथे कागद विचारू शकतात. सहलीवर मार्क ठेवणार असाल तर पर्यायी काम सगळ्यांनाच द्या, कारण न विचारता.

शिफारसपत्र मागितलं तर पाठवण्याआधी मसुदा त्याला वाचायला द्या. 'कागद नसतानाही जिद्दीने' वगैरे लिहायचा मोह होतो, मलाही झाला होता. त्यापेक्षा त्याने गृहपाठातली कुठली अडचण कशी सोडवली ते लिहा. बाकी काही विचारायचं असेल तर व्यनि करा, मात्र त्यातही त्याचं नाव नको.